भिंतीवरची माय

हॅलो?… हॅलो… हो, भागिरथाच बोलतो. शेलूबाजारच्या पोष्टातून… कोण इंद्रभान? मुंबईचा? सिनेमातल्या बायांचे फोटो काढणारा?… अरे वा. बारा वर्षांनी मावशी आठवली.

थांब, रामराव पोष्टमास्तर सांगून राह्यले, तीन मिनिटांचाच ट्रंक कॉल हाय. तू बोल. पण कीर्तनातल्या बुवासारखा पूर्वरंग लांबवू नको, सरळ आख्यानावर ये.

हो… हो… पाह्यलं ना. तुह्या लहानपणच्या दोस्तानं, सोमलानं आणलं ते मासिक. इथीच उभा हाय तो, माह्या बाजूले. पानभर फोटो हाय, अन् खाली छापलं, ‘माझा पहिला फोटो, माझी आई.’ लय साजरी दिसते तुही माय. दिसनच. मीच हाय ना ते.

…नाही बाप्पा, हसत नाही. मेलेल्या माणसानं हसू नये.

…मंगळवारी? मासिकवाले येतीन, घर पाहतीन, तुले त्या फोटोखाली उभा करतीन. चांगलं हाय. मंग मी काय करू, पोहे?

…काय म्हणला? पुन्हा बोल… अनसिंगले जाऊ मी? माह्या लेकीकडे? दोन दिवस?

…असं. म्हणजे भिंतीवर हारवाली माय, अन् खाली तेच तोंड घेऊन मी चहा देतो, हे बरं नाही दिसत. खरं हाय… राग काहून येईन? सतरा वर्षं झाली, तुही वहिनी दर सणाले मले हार घालते, उदबत्ती लावते. मी जिती शेजारच्या ओट्यावरून पाह्यतो. एवढं भाग्य संतायलेही नाही भेटलं.

इंद्रभान, फोन कानाशी नीट धर. जवळ ये, तुले एक गोष्ट सांगतो. तुहीच हाय, पण मासिकात सांगाची राह्यली.

तुही माय तापानं गेली, तवा तू वाशीमले स्टुडिओत लोकायचे फोटो धूत होता. चौदावीले भिंतीवर लावाले तिचा एक फोटो नाही. दाराशी बसून रडला तू. मांडीवर मालकाचा मागून आणलेला कॅमेरा. मंग मीच म्हटलं, तुह्या मायचं, पंचफुलाचं हिरवं लुगडं दे, मी बसतो. उंची तेच, नाकही तसंच. सोमलानं मागं गोधडी धरली, पडदा म्हणून. त्याची चार बोटं आलती कडेले. मासिकात कापली तुमी… सोमला इथी आपली बोटं पाहून राह्यला.

…हो रामराव भाऊ, झालंच. बुवाले कोणी घड्याळ दाखवते का?

जाईन बाप्पा, अनसिंगले जाईन. मंगळवारी देवळात कीर्तन हाय, तेही सोडतो. मेली समजतो मले… थांब, उपकार मानू नको. एक सांग. तुही माय कशी दिसे?

…फोटोतली नको सांगू. पंचफुला सांग.

…हं… हनुवटीवर गोंदण… तीन टिकल्या… गालाले खळी…

…ते माही हनुवटी हाय, इंद्रभान.

…बरं, रडू नको, मिनिटं जातात.

ऐक. तिच्या हनुवटीवर काही नव्हतं. डाव्या भुवईत चुलीवर भाजलेली जागा होती, तिथी केस उगवत नव्हते. हसली का तोंडावर पदर घे, पुढचा दात आडवा होता म्हणून. कीर्तनात आमी एका घोंगडीवर बसो. अभंग सुरू झाला का तिले डुलकी लागे. टाळ जोरात वाजला का दचकून उठे, अन् मलेच विचारे, ‘भागिरथे, झोपली का वं?’

…हो, तेच. असंच म्हणे… आठवला ना आवाज?

मंग मंगळवारी ते तुले त्या फोटोखाली उभा करतीन, तवा वर पाहू नको. वर मी हाय, अन् मी तर अनसिंगले असन. तू डोळे मिटजो अन् ते भाजलेली भुवई आठवजो. तेवढी पंचफुला आठवजो, बाप्पा.

ठेवतो.