शारजाची वर्दळ

प्राचार्य : पण शारजा म्हणजे परदेशच ना, मॅडम?

तरन्नुम : परदेशच, सर.

प्राचार्य : मग चेहरा असा का केलाय? आपल्या भोरच्या कॉलेजची वेबसाईट आखातात बघतायत लोक. संस्थेच्या अध्यक्षांना मी कालच फोनवर सांगितलं. त्यांनी लगेच फोनच ठेवला. भारावले असावेत.

तरन्नुम : वेबसाईट कुठून कुठून बघतात, त्या शहरांची मी तुम्हाला नुसती नावं दिली होती. पुढचा तपशील येईपर्यंत कुणाला सांगू नका, असंही म्हणाले होते.

प्राचार्य : कुणाला म्हणजे कुणाला? फ्लेक्स छापून झालाय. तुमचेच वडील नसरापूरहून टेम्पोत घालून आणतायत. 'आता आखाती देशांतही आपलाच बोलबाला!' बारावीचा निकाल लागायच्या आत फाट्यावर झळकायला हवा. कॉम्प्युटरच्या वर्गाला यंदा पोरं मिळाली नाहीत तर वर्ग बंद होतोय.

तरन्नुम : माहीत आहे. त्या वर्गावर मीच एकटी शिकवते.

प्राचार्य : म्हणून तर म्हणतो, हसा जरा.

तरन्नुम : आधी जवळचं सांगते. लोक आपल्या वेबसाईटवर येतात ते बहुतेक 'वेल्हे एसटी' नाहीतर 'पासली बस' शोधत. कॉलेज सुटल्यावर घरी परत कसं जायचं, एवढंच त्यांना हवं असतं. ते आपण कुठंच लिहिलेलं नाही.

प्राचार्य : एसटीचं वेळापत्रक लावायला आपण काय डेपो आहोत? पहिल्या पानावर माझं मनोगत आहे, ते वाचतात ना?

तरन्नुम : तिथं सरासरी चार सेकंद थांबतात.

प्राचार्य : चार सेकंद? अहो, माझा फोटो उघडायलाच त्याहून जास्त लागतात!

तरन्नुम : हो. उघडायच्या आत जातात.

प्राचार्य : उपनिषदांपासून सुरुवात केलीय मी त्यात.

तरन्नुम : तिथपर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही, सर.

प्राचार्य : हे मोजणारं यंत्र बिघडलेलं असेल. शारजाचं सांगा. शारजावाले किती थांबतात?

तरन्नुम : खूप. या कागदावर गेल्या महिन्याचं आहे, त्यात आठवड्यातून चार-पाचदा येतात.

प्राचार्य : बघा! दर्दी माणसं.

तरन्नुम : पण पहिल्या पानावरून येत नाहीत. थेट आतल्या एकाच पानावर उतरतात. त्या पानाचा लांबलचक पत्ता कुणीतरी त्यांना दिल्याशिवाय असं होत नाही.

प्राचार्य : कुठलं पान? प्रवेशाचं?

तरन्नुम : माझं.

प्राचार्य : तुमचं म्हणजे?

तरन्नुम : प्रत्येक प्राध्यापकाचं एक पान आहे ना, त्यातलं माझं. फोटो मोठा करून बघतात. मग स्नेहसंमेलनाच्या फोटोंत जातात आणि एकच फोटो परत परत उघडतात. मी तुमच्या शेजारी उभी आहे तो.

प्राचार्य : अरे बापरे. म्हणजे कॉलेजचा बोलबाला नाहीच? हा कोण माणूस आहे? पोलिसांत द्यायचं का?

जलील : सलाम सर. फ्लेक्स आणलाय. कुठं ठिवू? लई वजनदार काम झालंय बगा, वरांड्यात दोघं लागली उतरवायला. पोलिसांत काय द्यायचंय?

प्राचार्य : या जलीलभाई, बसा. तुम्ही वडील आहात, तुम्हाला कळायलाच हवं. शारजाहून कुणीतरी तुमच्या मुलीचा फोटो रोज मोठा करून बघतोय!

जलील : रोज? मग पसंत हाय म्हनले त्ये खरंच हाय की.

प्राचार्य : काय?

तरन्नुम : अब्बा?

जलील : म्या आज घरी सांगनारच व्हतो. हुमाखालानं स्थळ सुचिवलंय. शाकिर म्हनून हाय पोरगा. त्येची अम्मी, भैनी, समदी तिकडंच ऱ्हात्यात.

तरन्नुम : माझा फोटो कुणालाही द्यायचा नाही, असं ठरलं होतं आपलं. मागच्या वेळी तो फोटो नसरापूरभर फिरला. एसटीत कंडक्टर मला म्हणाला, तुमचं जमलं का.

जलील : फोटू म्या दिलाच न्हाई! कुरानाची शपथ घेतो. म्या फक्त तुज्या कॉलेजच्या पानाचा पत्ता दिला.

तरन्नुम : तुम्हीच मागितला होता. स्टँडवर दोस्तांना दाखवायचंय म्हणालात. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. मला वाटलं, तुम्हाला कौतुक आहे.

जलील : कौतिक हायच की! म्हनून तर म्हनलं, सरकारी कागदावर फोटू हाय पोरीचा, कॉलेजचं नाव हाय वर. घरच्या फोटूपरीस भारी.

प्राचार्य : जलीलभाई, या वेबसाईटसाठी मी विद्यापीठाकडून अनुदान आणलंय! आणि त्यावर तुम्ही मुलगी दाखवताय? बरं, तो माझ्या शेजारचा फोटो कशाला?

जलील : उंची बगत असत्याल.

प्राचार्य : माझी?

जलील : तिची. पर तुमच्या बाजूला हुबी हाय नव्हं, मग तुमच्यावरनंच काडनार की. सरांची उंची किती म्हनून इचारलं बी त्यांनी.

प्राचार्य : आणि तुम्ही सांगितलीत?

जलील : अंदाजानं. दोन इंच वाढवूनच सांगितली. तुमचा मान ठिवला.

प्राचार्य : मी तीस वर्षं शिकवतोय. आणि शारजात माझी ओळख म्हणजे मोजपट्टी.

तरन्नुम : अब्बा, तुम्ही त्यांना काय कळवलंत?

जलील : आजून काय न्हाई. आज सांजच्याला हुमाखालाला फोन करायचाय. हो म्हनलं की ईदनंतर निकाह. नोकरी सोडावी लागंल, येवडंच.

प्राचार्य : येवढंच? अहो, मॅडम गेल्या तर वर्गाला पोरं मिळूनही उपयोग नाही! कॉम्प्युटर सुरू कुठून करायचा, हेसुद्धा इथं दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

जलील : सर, पोरगी माजी हाय. घर चांगलं हाय. तिला बगूनच पसंत केलीया त्यांनी.

तरन्नुम : मला नाही बघितलं, अब्बा. हा कागद बघा. माझ्या पानावर फोटो वर आहे. त्याच्याखाली मी काय शिकले, काय शिकवते, पोरांसाठी काय तयार केलं, ते सगळं आहे. खाली कुणी सरकलं की ते इथं दिसतं. शारजातून एकदाही कुणी खाली आलं नाही.

जलील : फोटूच बगायचा आसंल सुरवातीला. वाचतील मागनं.

तरन्नुम : मलाही तसं वाटलं. कोण आहे ते ठाऊक नव्हतं, पण इतकी वर्दळ कशाची म्हणून गेल्या आठवड्यात मी फोटो काढून टाकला. तुमच्या शेजारचाही काढला, सर. विचारायचं राहिलं.

प्राचार्य : काढलात ते बरं केलंत.

तरन्नुम : बाकी मजकूर होता तसाच ठेवला. एकदा आले. सरांच्या मनोगतावर थांबतात तेवढेही थांबले नाहीत.

जलील : नेट गेलं आसंल.

तरन्नुम : मीही तेच धरलं. दुसऱ्या दिवशी बघितलं. तिसऱ्या दिवशी बघितलं. रोज सकाळी लॅब उघडली की आधी तेच बघत होते. कोण कुठला माणूस, पण बघत होते. परत कुणी आलं नाही.

प्राचार्य : मॅडम, पाणी घ्या.

तरन्नुम : नको, सर.

(जलीलचा मोबाईल वाजतो.)

प्राचार्य : तुमचा वाजतोय, जलीलभाई.

जलील : हुमाखालाचा हाय. वाजू द्या.

प्राचार्य : मी बाहेर जाऊ का?

जलील : बसा, सर. तुमचंच हापिस हाय. तरन्नुम, त्या फोटूखाली... काय काय लिवलंयस तू?

तरन्नुम : तुम्ही बघितलं होतंत ना. स्टँडवर दाखवलंत तेव्हा.

जलील : म्या बी फोटूच बगितला व्हता.

प्राचार्य : मी तर त्यावर सही केलीय, मंजूर म्हणून. खरं सांगायचं तर मीही... हं. उघडा ते पान, मॅडम.

तरन्नुम : इंग्रजीत आहे, अब्बा.

जलील : आसू दे. सावकाश वाच.