सुमीचा जपानी सरदार

तुम्ही हसाल, पण एका खेळापायी दोन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. जहाजावर नोकरीला असलेला माझा भाऊ जपानहून पटावरच्या लढाईचे दोन खेळ घेऊन लोणावळ्याला आला. जुन्या काळचे सरदार, किल्ले, सैन्य. म्हणाला, "ताई, सुमीसाठी यातला एक ठेव." माझी लेक सुमी सात वर्षांची, सापशिडीत हरली तरी जेवायची नाही. तिला लढाई कशी सोसणार? मी शिकलेली, पण असल्या निवडीत अगदी ढ. शेवटी भावाला दोन्हींचे नियम सांगायला लावले आणि ज्याचे नियम एका कप चहात सांगून झाले, तो खेळ ठेवला.

खेळताना खिडकीतून धुकं आत आलं आणि पटावरचे डोंगर खरेच वाटू लागले. सुमीनं सरदार सगळ्यांत उंच किल्ल्यावर नेला, ती त्याला खाली उतरवेचना.

"अगं, मैदानात ये की!" भाऊ म्हणाला.

"मैदानात कशाला? आपण वरच राहायचं."

भावानं वेढा घालून किल्ला घेतला. सरदार मात्र पटावर दिसेना.

मी भीतभीत विचारलं, "सुमे, हरलीस म्हणून रडू येतंय का गं?"

ती माझ्या कानाशी आली. "आई, हळू बोल. तो मागच्या वाटेनं कामशेतला उतरलाय. तिथल्या भातशेतात लपलाय."