न झिजलेल्या चपला

मदुराईत पायाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. मधुमेहामुळे थोरलीच्या पायाच्या अंगठ्याखालची जखम पुन्हा उघडली होती.

"अक्का, तुझ्या पायासाठी इथल्या खास मऊ चपला बनवणारे अण्णा काय म्हणाले?"

"तळ उलटा करून बघितला. म्हणाले, सहा महिने झाले, जराही झिजल्या नाहीत."

"घरात घालतच नाहीस, झिजतील कशा?"

"घरात चपला? सासूबाईंच्या देवासमोरून?"

"सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली."

"देव आहे ना अजून."

"देवानं तुझा अंगठा मागितलाय का? अगं, डॉक्टर, नर्सबाई, अण्णा, सगळे एकत्र बसून तुझ्या एका पायासाठी डोकं लावतात. आणि तू चार दिवस खडा रुतवून फिरलीस!"

"पाय बधिर झालाय, दुखलंच नाही तर कळणार कसं? बोलू नकोस आता, दमले मी."

"मी पण दमले, अक्का. या वेळी अंगठा काढायचं म्हणतायत."

"सोर्णम्मा!" आतून हाक आली.

थोरली उठली. दारात थांबून तिनं दोन्ही चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या.

"अक्का! घाल त्या पायात!"

"डॉक्टरांसमोर? काहीतरीच तुझं."