लांब की आखूड

थर्सडे बेटावरच्या बोटसामानाच्या दुकानात ओटिलिया रांगेत उभी होती. तिच्या पुढे म्हातारी मलेटा आणि तिचा नवरा तानू. डॉक्टरांनी तानूच्या कानांमुळे त्याची बुडी बंद केली होती. आता पाठीवर हवेची टाकी बांधून आणि पायांना वल्ह्यांसारखे फिन लावून उतरणार होती मलेटा, आणि वर होडी सांभाळणार होता तो.

"लांब, ताठ फिन घे. आपल्याकडं प्रवाह कसा ओढतो, ठाऊक आहे ना?" तानू म्हणाला.

"मला आखूडच बरे. लांब मारून मारून पोटऱ्या भरून येतात."

"वाहत जाशील."

"जाईन की. तुम्ही कधी प्रवाहाशी भांडलात? खुशाल वाहत जायचात, आणि मी बुडबुड्यांच्या मागं मागं होडी आणून तुम्हाला उचलायचे."

"ते खरं आहे, पण..."

"पण काय? होडी चालवता येत नाही का तुम्हाला?"

"येते की. चांगली येते."

"मग घोडं अडलंय कुठं?"

"होडी डुलायला लागली की माझा डोळा लागतो गं."

ओटिलियानं हसू दाबत तोंड दुसरीकडं फिरवलं. मलेटा दुकानदाराकडं वळली.

"दादा, ते लांबवाले काढा. सगळ्यात ताठ असतील ते."