सीताराम गुरुजींची तीन मडकी

हेडमास्तर साहेब, सरपंच साहेब, वहिनी, अन् अड्याळच्या माझ्या बाया-माणसांनो,

मले भाषण करता येत नाही. दवाखान्यात उभी जिंदगी गेली, पण "बाटली हलवून घ्या, दिवसातून तीनदा" यापलीकडे माझं बोलणं कधी गेलं नाही. आज गुरुजीचा फोटो खुर्चीवर ठेवला आहे, त्याले हार घातला आहे, अन् त्याच्यासमोर उभं राहून बोलाचं आहे. पण खरं सांगू? मले रडू कमी येऊन राहिलं अन् सुटल्यासारखं जास्त वाटून राहिलं. कोणाले वाईट वाटन. वाटू द्या. मले आज एक गुन्हा कबूल कराचा आहे, अन् तो कबूल केल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

गुरुजीनं या शाळेत विज्ञान शिकवलं, हे तुमाले माहीत आहे. मी त्याईचा शेजारी, दामू कंपाउंडर. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या साली गुरुजी मुंबईले ट्रेनिंगले गेले. तिथं त्याईनं काचेच्या पेटीत समुद्र पाह्यला. पोवळ्याची झाडं, त्याच्यातून फिरणारे निळे-पिवळे मासे. परत आले ते येडे होऊनच आले म्हणा ना! सोबत पोवळ्याचा एक पांढरा तुकडा. भंडाऱ्याहून काच कापून आणली, पेटी बनवली, तुकडा आत ठेवला. मी म्हटलं, "गुरुजी, समुद्र कुठून आणता?" म्हणे, "बनवतो." अन् पाण्यात खडा मीठ टाकलं! तळ्यातले मासे त्याच्यात सोडले तर घंट्याभरात आडवे. वहिनी म्हणाली, "आता हळद-तिखट टाका, भाजी तरी होईन." मासे घाईघाईनं साध्या पाण्यात काढले, म्हणून वाचले. गुरुजी म्हणाले, "समुद्र जाऊ दे दामू. तळ्याचेच मासे जगवू, पण पाणी समुद्रासारखं साफ ठेवू."

अन् ठेवलं ना त्याईनं! लाइटीचा पंप नाही, मोटर नाही. घडवंचीवर एकावर एक तीन मडकी. वरच्यात वैनगंगेची बारीक रेती, मधल्यात कोळसा, खालच्यात गोटे. तिन्हीच्या बुडाले भोक. पेटीतलं पाणी सलाईनच्या नळीनं बादलीत यायचं. नळी अर्थात मीच दिली होती. दिवसातून तीनदा गुरुजी ती बादली वरच्या मडक्यात ओतत. थेंब थेंब पाणी पेटीत परत. दोन साल मासे जगले. लोकं आसगावहून पाहाले येत. मंग शाळा कमिटीनं ठरवलं, अशीच मोठी गाळणी शाळेत बांधू, पोरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी. गुरुजीच्या अंगावर मूठभर मास चढलं होतं तवा.

त्याच सुमारास गुरुजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनले नागपूरले गेले. जाताना मले म्हणाले, "दामू, पाणी तेवढं ओतजो. मडक्याले हात लावू नको." एवढंच. हात लावू नको.

अन् मी काय केलं? मी दवाखान्याचा माणूस. चिकट काही दिसलं का माझे हात शिवशिवतात. वरच्या मडक्यात डोकावलो, तर रेतीवर तपकिरी, बुळबुळीत थर. मी म्हटलं, ह्या घाणीतून पाणी साफ कसं होईन? गुरुजी नवीन डोळ्यानं पाहतील तर पेटी कशी चकाचक दिसली पाहिजे! रेती उकळली. मडकी ब्लिचिंग पावडरनं घासली, उन्हात वाळवली. कोळसा नवा टाकला. तीन दिवस पाणी असं दिसलं, का पेटीत पाणी आहे का नाही तेच समजू नये. मी लोकांले बोलावून दाखवलं. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. सहाव्या दिवशी एकही राहिला नाही.

गुरुजी आले. डोळ्यावर हिरवी पट्टी. ती सुटली तसे पहिले पेटीजवळ गेले. पोवळ्याचा तुकडा अन् पाणी. म्हणाले, "काय झालं गा?"

मी म्हटलं, "काय माहीत गुरुजी. अचानकच मेले."

हे खोटं मी बोललो. या तोंडानं बोललो.

गुरुजी त्याच संध्याकाळी कमिटीकडे गेले. म्हणाले, "माझ्या गाळणीत खोट आहे. मासे मेले त्या पाण्यानं. पोरांले मी पाजणार नाही." गाळणी बांधाची राहूनच गेली. दर पावसाळ्यात शाळेतले पोरं हगवणीनं दवाखान्यात येत, अन् त्याईले गोळ्या द्याले कोण? मीच. सात साल मी त्या गोळ्या दिल्या. कोणत्या तोंडानं दिल्या, ते मले विचारू नका.

मागच्या दिवाळीत गुरुजीनं खाट धरली. दम लागे. एक दिवस मले म्हणाले, "दामू, माझं काय चुकलं होतं गा त्या गाळणीत? समजतच नाही." मले राहवलं नाही. सारं सांगतलं.

तुमाले वाटन, त्याईनं माफ केलं. काहाचं माफ! पाण्याचा गिलास माझ्या अंगावर फेकला. "अरे गाढवा, तो थर म्हणजेच गाळणी! त्यातले बारीक जीव मासळ्याची घाण खात होते. तू त्याईले उकळून मारलं! अन् मी सात वर्षं सोताले मूर्ख समजून राहिलो!" दोन दिवस माझं तोंड पाह्यलं नाही.

तिसऱ्या दिवशी वहिनी बोलवाले आली. गेलो, तर गुरुजी खाटेवर उठून बसलेले. म्हणाले, "म्हणजे माझी गाळणी बरोबर होती?"

"होती गुरुजी."

"पुन्हा म्हण."

"बरोबर होती."

इतके हासले, इतके हासले, का खोकला आवरेना. वहिनीनं पाठ चोळली. सात वर्षांत मी त्याईले असं हासताना पाह्यलं नव्हतं.

मंग नवीन मडकी आली. महिनाभर पाणी नुसतं फिरू दिलं, थर धरू दिला, मंगच मासे सोडले. ते मासे आजही फिरून राहिले, वहिनीले विचारा. अन् तुमच्या मागं व्हरांड्यात उभी आहे ती मोठी गाळणी गुरुजीनं खाटेवरून सांगून बांधून घेतली. पण पोरं तिचं पाणी पीत नाहीत. आया म्हणतात, "ज्या गाळणीनं मासे मेले, तिचं पाणी पोरांले कायले पाजता?" बायांनो, तुमचं चुकलं नाही. तुमाले कोणी खरं सांगतलंच नव्हतं.

मी म्हटलं, "गुरुजी, मी उद्याच चावडीवर सांगतो." म्हणाले, "आत्ता सांगशीन तर लोकं म्हणतील, गुरुजीनं शिकवून पाठवला. मी गेलो का सभा होईनच. तवा सांग. मेलेल्या माणसासाठी कोणी खोटाच गुन्हा आपल्या अंगावर घेत नाही."

तर अड्याळच्या लोकांनो, ऐका. गुरुजीच्या गाळणीत खोट नव्हती. ते मासे मी मारले, दामू कंपाउंडरनं. उद्यापासून पोरांले हे पाणी पाजा. अन् माझ्यासारख्या कोणा साफसफाईवाल्याले मडक्याजवळ येऊ देऊ नका!

आता सारे उभे राहा. दोन मिनिटं कोणी बोलू नका.

गुरुजी, सांगतलं मी. नमस्कार.