पाय फुटलेला मॅकरॉन

"बोटाला चिकटलं तर भट्टीत घालायचं नाही, हे आईने सतरांदा सांगितलं होतं. ऐकलंस का, मार्तिन?"

सकाळच्या प्रार्थनेहून परतताना रूआँच्या बसथांब्यावर माझी जपमाळ अर्ध्यावरच अडली. शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीच्या मांडीवर मॅकरॉनचा, म्हणजे बदामाच्या गोल बिस्किटांचा, डबा होता.

"पाऊस होता, ओदिल. वरचा पापुद्रा सुकतच नव्हता."

"मग थांबायचं! पॅरिसला शिकायला गेलीस ना? की तिथे नुसते खाल्लेस?"

"दोन्ही केलं. तिथे माझ्या मॅकरॉनना छान पाय फुटले होते."

"आणि घरी?"

"चोविसांतल्या एकाला. बघ, खाली कशी पायांची झालर आलीय. बाकीचे तडकले."

"एकासाठी आईकडे निघालीस? दुकानातून घे. तिला काय कळतंय!"

"तिला कळतं. कंबरेचं हाड जुळून दोन महिने झाले, तरी पलंगावरून उतरत नाही. म्हणाली, 'तुझ्या हातच्या मॅकरॉनला पाय फुटले, की मीही पायावर उभी राहीन.' आज जेवणाआधी येते, असं कबूल केलंय मी."

"अगं, टाळत होती ती तुला."

"असेल. पण किती हवेत, ते बोलली नाही."

"आणि नाही उठली तर?"

बस येताना दिसली. मार्तिनने डब्याचं झाकण घट्ट लावलं, पिशवीतून आईचे तपकिरी बूट काढून त्यांच्या नाड्या सैल केल्या, आणि ते काखेत धरून बसमध्ये चढली.