चंपाचा शनिवार

बुधीबाई : मंग भागाकार म्हणजे वाटणीच ना, बाई?

प्राजक्ता : वाटणीच, आजी. पण सगळ्यांना सारखी. तिसरीला आता दिवाळीनंतरच्या सत्रात तेच आहे.

बुधीबाई : बरं हाय. आमच्या रुपीला ते आधी शिकव. काल तिचा बाप डहाणूच्या वाडीतून चिकू घेऊन आला. सगळे हिनं एकटीनं खाल्ले. आजीच्या हातावर काय ठेवलं? बिया!

चंपा : आई, बाईंना उभं का ठेवलंय? बसा ना खाटेवर, बाई. थांबा, सूप बाजूला घेते. कोंडा उडेल तुमच्या ड्रेसवर.

प्राजक्ता : उडू दे हो. सकाळपासून खडूच उडतोय, त्यात कोंड्याचं काय! तुम्ही पाखडा. मी बोलते.

बुधीबाई : अजून काय काय शिकवणार पोरांना?

प्राजक्ता : घड्याळ बघायला. आपल्या जिल्ह्याचा नकाशा. आपली झरी कुठे, डहाणूचा समुद्र कुठे, मधे कुठली गावं लागतात. आणि आता शनिवारी दप्तर आणायचं नाही. त्या दिवशी गावातलंच कोणीतरी येऊन शिकवणार. हरिश्चंद्रकाका टोपली विणायला शिकवणार आहेत. चिमणभाऊ सायकलचं पंक्चर काढून दाखवणार. म्हणून तर घरोघरी फिरतेय.

चंपा : आमच्याकडे कोण आहे शिकवायला? आईंना गाणी येतात लग्नाची. त्यांना घेऊन जा.

प्राजक्ता : आजींना नेईन पुढे कधीतरी. आज मी तुमच्याकडे आलेय, चंपाताई.

चंपा : माझ्याकडे? रुपीनं काही केलं का? मारलं कोणाला?

प्राजक्ता : नाही हो. मी वर्गात विचारलं, शनिवारी काय शिकायला आवडेल? मुली म्हणाल्या, खो-खो. मी म्हटलं, मला तर येत नाही, कोण शिकवणार? तर रुपी उभी राहिली. म्हणाली, माझी आई पळायला लागली की कोणाच्या बापाच्या हाताला लागत नाही.

चंपा : अगं बाई! असं बोलली?

प्राजक्ता : अशीच बोलली. खरंय ना पण? आश्रमशाळेच्या टीममध्ये होतात ना तुम्ही?

चंपा : होते कधीतरी. पण हे रुपीला कोणी सांगितलं? मी तर या घरात कधी नाव काढलं नाही त्याचं.

प्राजक्ता : म्हणजे येणार ना?

चंपा : नाही, बाई. नको. आता कुठलं पळणं! अंग जड झालंय. शिवाय साडी. आणि लोक काय म्हणतील? लडक्याची बायको पोरांबरोबर धुळीत लोळते म्हणून हसतील.

प्राजक्ता : हसू देत. मी स्कूटी शिकले तेव्हा आमच्या सरावलीतले लोक किती हसले! आता तेच मला थांबवून म्हणतात, स्टेशनपर्यंत सोड.

चंपा : तुमचं वेगळं, बाई. आमच्या घरात नाही चालणार.

बुधीबाई : कोणाला नाय चालणार?

चंपा : मी चहा टाकते, बाई.

बुधीबाई : चंपे, तुला विचारते. लडक्याला?

चंपा : त्यांना काय, ते काहीच म्हणत नाहीत.

बुधीबाई : मंग राहिलं कोण? मी!

चंपा : रागावू नका, आई. पाठवणीच्या वेळी माझी आई म्हणाली होती, तिकडे गेल्यावर खेळाचं नाव काढू नकोस, सासूला आवडायचं नाही. मग नाही काढलं.

बुधीबाई : माझ्याशी न बोलताच ठरवलं तुझ्या आईनं? आणि तू इतकी वर्षं ते धरून बसलीस? अगं वेडे, तुला मागून का घेतली ते तुला ठाऊक तरी हाय का?

चंपा : तानीमावशीनं सुचवलं म्हणून.

बुधीबाई : तानीनं नुसतं घर दाखवलं. पोरगी मी आधीच पाहिली होती. तलासरीच्या बाजारात मिरच्या विकायला बसले होते. मैदानात शिट्ट्या वाजत होत्या म्हणून बघायला गेले, ती तिथंच उभी राहिले. एक पोरगी अशी पळत होती… बाई, पावसात नदीतला मासा चढतो ना वरती, तशी! मागची पोर तिला धरायला झेपावली ती धाडकन तोंडावर पडली.

चंपा : आई, तुम्ही तिथं होता?

बुधीबाई : आयक ना! मंग ही काय करते? पळायचं सोडून मागं फिरली. पडलेल्या पोरीला हात दिला, ऊठ म्हणून. आणि त्या पोरीनं तोच हात धरून हिला बाद केलं!

प्राजक्ता : काय सांगता!

चंपा : खरंय, बाई. सर असे ओरडले! म्हणाले, तुला पळायला ठेवलंय का दवाखाना चालवायला? हरलो आम्ही तो सामना. मी रडत रडत जेवले त्या दिवशी.

बुधीबाई : तू रडत होतीस, आणि मी घरी येऊन रुपीच्या आज्याला सांगत होते, सून मिळाली म्हणून. जोर पण हाय आणि माया पण हाय.

चंपा : मग कधी बोलला का नाहीत?

बुधीबाई : मला वाटलं, तुझंच मन उडालं. नाव काढत नाय, म्हणजे आठवून दुखत असेल. कशाला जखमेला बोट लावू? पण रुपीला सांगायचे. ती झोपायच्या आधी गोष्ट मागते. मला राजा-राणीच्या गोष्टी कुठं येतात? मी तुझीच सांगायचे.

प्राजक्ता : आजी, मला रडवाल आता.

बुधीबाई : रडू नको, चहा घे. चंपे, तू पण डोळे पूस. आणि साडीचं कारण मला सांगू नको. माझं लुगडं बघ, गुडघ्यापर्यंत. यात मी डोंगर चढून लाकडं आणली. शनिवारी मी नेसवते तुला.

चंपा : आणि पडले तर?

बुधीबाई : पडलीस तर कोणीतरी हात देईल. पण तू आधी बघ, कोण देतंय ते!

(शनिवार सकाळ. शाळेचं पटांगण.)

चंपा : बसा खाली, उकिडवे बसा. एकीचं तोंड डोंगराकडे, दुसरीचं शाळेकडे. शेजारणीकडे बघून हसू नका! पाठीवर थाप पडली आणि "खो" ऐकलं, तरच उठायचं. रुपी, मैदानात मी तुझी आई नाही. तू पण रांगेत बस.

बुधीबाई : बाई, किती वेळ ही नुसती बोलतेच हाय. पळत का नाय?

प्राजक्ता : शिकवावं लागतं आधी, आजी. उगाच लाजतेय म्हणू नका.

बुधीबाई : लाजतेच हाय. तिकडं बघ ना, कुंपणापाशी. लडक्या. आज वाडीवर गेलाच नाय वाटतं.

प्राजक्ता : अर्धं गावच जमलंय.

चंपा : नाही, बाळ, असं नाही. वळताना खांबाला हात घासून वळायचं. नाही, अजून जवळून. अगं, पाय नको टेकवूस तिथं! थांब. सगळे बघा इकडे. रुपी, माझ्या चपला धर. तू, लांब केसांची, तू मला पकडायचं. जोरात यायचं. मी मोठी आहे म्हणून सोडायचं नाही.

बुधीबाई : चपला काढल्या.

प्राजक्ता : हो, आजी.

बुधीबाई : गेली! बाई, गेली बघ, त्या दोघींच्या मधून! अरे, खांबापाशी… वळली! धरा रे तिला, पोरांनो, धरा!

प्राजक्ता : आजी, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?

बुधीबाई : पळणारीच्या! तू ओरड ना, गप्प काय बसलीस?

चंपा : खो दे, खो! ऊठ, धाव! शाबास, तोंड फिरवू नकोस! अजून जोरात!

प्राजक्ता : हसतेय बघा कशी. इतक्या मोठ्यानं हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

बुधीबाई : मी पण नाय.

प्राजक्ता : आजी, वेळ झाली. घंटा द्यायला हवी. शनिवारी शाळा लवकर सुटते.

बुधीबाई : सुटू दे, बाई. पण जरा उशिरा.